‘मोशन डिनाइड’च्या खालची ओळ: अमेरिकेतल्या फेडरल कैद्याचं अपील नेमकं कुठे अडतं

मार्चच्या मध्याला नाशिकहून एका काकूंनी मला व्हॉट्सअॅपवर एकवीस फोटो पाठवले. त्यांचा भाचा अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगात आहे, त्याच्या निकालपत्राची पानं होती ती. भाच्यानं बायकोला पोस्टानं पाठवलेली आणि तिनं जेवणाच्या टेबलावर ठेवून फोटो काढलेली. काही तिरकी, एकावर दिव्याची तिरीप आलेली. पाठोपाठ काकूंचा फोन. ‘अगं, इंग्रजी वाचता येतं मला, पण यातलं काही कळत नाही. एवढंच सांग, अपील करता येतं ना? कुणीतरी सांगितलंय की चौदाच दिवस असतात. उद्या-परवा संपतात बघ.’

मी वीसएक वर्षं न्यू जर्सीत वकिलांच्या ऑफिसात कागद तयार करण्याचं काम करते. वकील नाही. पण अशी निकालपत्रं हातातून इतकी गेलीत की आता ती मी शेवटच्या पानापासूनच वाचायला घेते. काकूंच्या एकविसाव्या फोटोतही न्यायाधीशांच्या सहीच्या वर त्याच दोन ओळी होत्या. पहिली: मोशन (कोर्टाकडे केलेला अर्ज) फेटाळण्यात येत आहे. दुसरी: सर्टिफिकेट ऑफ अपीलेबिलिटी नाकारण्यात येत आहे.

घरचे पहिली ओळ वाचून खचतात आणि दुसरीकडे त्यांचं लक्षच जात नाही. अपील अडतं ते त्या दुसऱ्या ओळीपाशी.

आधी हे मोशन कसलं ते थोडक्यात. फेडरल गुन्ह्यात शिक्षा झाली की आरोपीला सरळ अपील करता येतं, आणि त्याला मुदत असते चौदा दिवसांची. काकूंच्या कानावर पडलेला आकडा तो हा. ते अपील संपलं, किंवा केलंच नाही, तरी आणखी एक रस्ता उरतो. ज्या कोर्टानं शिक्षा दिली त्याच कोर्टाकडे जाऊन म्हणायचं, की ही शिक्षा देताना माझ्या घटनात्मक हक्काचा भंग झाला, किंवा कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त शिक्षा झाली, किंवा कोर्टाला हा खटला चालवायचा अधिकारच नव्हता. अमेरिकी संहितेच्या २८व्या शीर्षकातलं कलम २२५५ ते हेच. तुरुंगात सगळे त्याला नुसतं ‘ट्वेंटी-टू फिफ्टी-फाइव्ह’ म्हणतात.

हे कलम १९४८ सालचं. त्याआधी कैद्याला हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा कैदेविरुद्धची दाद, मागायची तर ज्या जिल्ह्यात तुरुंग आहे तिथल्या कोर्टात जावं लागे. मोठे फेडरल तुरुंग मोजक्या ठिकाणी, त्यामुळे मोजक्याच कोर्टांवर सगळा भार. शिवाय खटला चाललेला भलतीकडेच, म्हणजे साक्षीदार आणि कागद हजार मैलांवर. म्हणून संसदेनं ठरवलं की जिथे शिक्षा झाली तिथेच दाद मागा. सोय चांगली, पण त्यातून एक गोष्ट आली जी घरच्यांना पचायला जड जाते. हे मोशन बहुतेक वेळा त्याच न्यायाधीशांपुढे जातं ज्यांनी शिक्षा दिली. नियमच तसा आहे. आणि मोशन आणि फाइलमधले कागद पाहून कैद्याला काहीच मिळण्यासारखं नाही हे निर्विवाद दिसत असेल, तर साक्षीपुरावा न घेता, कैद्याला कोर्टात न आणता ते फेटाळता येतं.

या मोशनलाही साधारण एक वर्षाची मुदत आहे, शिक्षा अंतिम झाल्यापासून. काकूंच्या भाच्यानं ती पाळली होती. त्याचं म्हणणं असं: मी ग्रीन कार्डवाला. गुन्हा कबूल करण्याआधी मी वकिलाला विचारलं होतं की यामुळे मला देशाबाहेर काढतील का. वकील म्हणाला, काळजी करू नकोस. म्हणून मी कबुलीच्या कागदावर सही केली.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना हा मुद्दा परका वाटू नये. नागरिकत्व न घेता वर्षानुवर्षं ग्रीन कार्डवर राहिलेली कितीतरी मराठी घरं माझ्या ओळखीची आहेत. काही गुन्ह्यांत शिक्षा दोन वर्षांची असो की दोन महिन्यांची, ती संपली की देशाबाहेर काढणं जवळपास अटळ असतं. जे ली नावाच्या माणसाचा खटला याच प्रश्नावरचा. तेरा वर्षांचा असताना, १९८२ साली, तो आईवडिलांबरोबर दक्षिण कोरियातून अमेरिकेत आला. पुढे टेनेसी राज्यात मेम्फिसला त्यानं रेस्टॉरंटं चालवली, पण नागरिकत्व कधी घेतलं नाही. अमली पदार्थाच्या गुन्ह्यात वकिलानं सांगितलं की तुला हाकलणार नाहीत, म्हणून त्यानं कबुली दिली. शिक्षा झाली एक वर्ष आणि एक दिवसाची. मग कळलं की हद्दपारी ठरलेलीच आहे. त्यानं २२५५ खाली मोशन केलं. वकिलानंही कोर्टात येऊन आपली चूक मान्य केली. तरी डिस्ट्रिक्ट कोर्टानं, म्हणजे शिक्षा देणाऱ्या कोर्टानं, मोशन फेटाळलं, सर्किट कोर्टानं, म्हणजे तिकडच्या अपील कोर्टानं, तो निर्णय कायम केला, आणि अखेर २०१७ साली सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध दोन मतांनी ली याच्या बाजूनं निकाल दिला. दोन पायऱ्यांवर हरलेला माणूस तिसरीवर जिंकला.

पण तिसरी पायरी गाठायला आधी दुसरीच्या दारातून आत जावं लागतं. आणि त्या दाराशी दाखला मागतात.

तो दाखला कसला

आपल्याकडे सेशन्स कोर्टानं दोषी ठरवलं की हायकोर्टात अपील हा आरोपीचा हक्क असतो. मुंबई हायकोर्ट असं म्हणत नाही की तुझ्या अपिलात दम आहे का ते आधी दाखव, मगच दाखल करून घेतो. परवानगीचा प्रकार आपल्याला भेटतो तो दिल्लीत, सुप्रीम कोर्टात विशेष अनुमती याचिका करताना. तिथे पहिली लढाई अनुमती मिळवण्याची असते. २२५५चं मोशन हरलेल्या अमेरिकी कैद्याची स्थिती दुसऱ्याच पायरीवर तशी होते. सर्किट कोर्टात त्याचं म्हणणं ऐकलं जावं यासाठी त्याला आधी सर्टिफिकेट ऑफ अपीलेबिलिटी लागतं. अपीलयोग्यतेचा दाखला म्हणू या. वकील मंडळी नुसतं ‘सीओए’ म्हणतात. तो नसेल तर सर्किट कोर्टाला ते अपील ऐकण्याचा अधिकारच नाही.

फेडरल कैद्यांच्या मागे हे कायमचं नव्हतं. राज्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना अशा तऱ्हेचा दाखला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लागत होता, पण २२५५वाल्यांना तो लागत नसे. एप्रिल १९९५मध्ये ओक्लाहोमा सिटीत फेडरल इमारत स्फोटानं उडवली गेली. वर्षभरानं, एप्रिल १९९६मध्ये, दहशतवादाविरुद्धचा कायदा म्हणून जो कायदा झाला त्यात हेबियस कॉर्पसवरच्या कितीतरी मर्यादा बसवल्या. त्यातली एक ही. एक वर्षाची मुदतही त्यातलीच. ज्यांचा त्या स्फोटाशी सुतराम संबंध नाही अशा हजारो लोकांच्या वाटेत तो कायदा आजही उभा आहे. मला ते न्याय्य वाटत नाही, पण कायदा तसा आहे आणि त्यातून वाट काढायची आहे.

दाखला कधी मिळतो? कायद्याचे शब्द असे, की घटनात्मक हक्क नाकारला गेल्याचं कैद्यानं ‘भरीवपणे’ दाखवलं पाहिजे. म्हणजे किती भरीव, याची फोड सुप्रीम कोर्टानं २००० साली स्लॅक विरुद्ध मॅकडॅनियल या खटल्यात केली. समंजस न्यायाधीशांमध्ये या प्रश्नावर दुमत होऊ शकतं का, एवढंच बघायचं. कैद्याचं बरोबर आहे का, हे नाही. डिस्ट्रिक्ट कोर्टानं दिलेलं उत्तर वादातीत आहे की त्यावर वाद होऊ शकतो, हे.

हा फरक घरच्यांना समजावताना मी शाळेतला प्रश्न वापरते. पेपर पुनर्तपासणीला देताना आपण हे सिद्ध करत नाही की मला ऐंशी मार्क पडायलाच हवेत. आपण एवढंच दाखवतो की या उत्तराला एक परीक्षक शून्य देईल, दुसरा चार देईल. दुसरा चार देऊ शकतो एवढं दिसलं की दार उघडायला हवं.

२००३ साली मिलर-एल याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे आणखी स्पष्ट केलं. टेक्सासमधला हा कृष्णवर्णीय कैदी, फाशीची शिक्षा झालेला. त्याच्या खटल्यात ज्युरीत बसायला पात्र अशा अकरा कृष्णवर्णीय व्यक्तींपैकी दहा जणांना सरकारी वकिलांनी वगळलं होतं. खालच्या कोर्टांनी त्याला दाखला नाकारला. सुप्रीम कोर्ट म्हणालं की दाखल्याच्या टप्प्यावर पूर्ण निकाल लावत बसू नका. पुढे सविस्तर सुनावणी झाल्यावर सगळे न्यायाधीश कैद्याच्या विरुद्ध गेले, तरी आत्ता हा मुद्दा वादाचा असू शकतो. मिलर-एल याला दाखला मिळाला आणि दोन वर्षांनी, २००५ साली, तो त्याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टात जिंकला. खालच्या कोर्टांना ज्यात वाद घालण्यासारखंही काही दिसलं नव्हतं, तोच मुद्दा.

एवढं होऊनही काही सर्किट कोर्टं दाखल्याच्या टप्प्यावरच आतून निकाल लावून मोकळी होत. २०१७मध्ये ड्युएन बक याच्या खटल्यात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांना पुन्हा तेच सांगावं लागलं: आधी गुणदोष ठरवून मग त्यावरून दाखला नाकारणं ही उलटी चाल आहे. मिलर-एल आणि बक हे दोघंही राज्याचे कैदी, पण दाखल्याचं कलम एकच असल्यानं कसोटीही तीच.

फेडरल कैद्याचंच उदाहरण हवं तर ग्रेगरी वेल्च याचं घ्या. बंदूक बाळगल्याचा गुन्हा. तेव्हा एरवी कमाल शिक्षा दहा वर्षं होती, पण जुन्या गुन्ह्यांमुळे एका कडक कायद्याखाली किमान पंधरा झाली. डिसेंबर २०१३मध्ये त्यानं वकिलाशिवाय, स्वतःच मोशन दाखल केलं. डिस्ट्रिक्ट कोर्टानं मोशन फेटाळलं, दाखलाही नाकारला. सर्किट कोर्टात एका न्यायाधीशांनी छोट्याशा आदेशात दाखला नाकारला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, जून २०१५मध्ये, सुप्रीम कोर्टानं दुसऱ्याच एका खटल्यात त्या कडक कायद्यातलं एक वाक्य संदिग्ध म्हणून घटनाबाह्य ठरवलं. वेल्च याच्या वाढीव शिक्षेवरचा वाद त्याच वाक्यापर्यंत पोचत होता. त्यानं चिकाटीनं वर दाद मागितली आणि एप्रिल २०१६मध्ये सात विरुद्ध एक मतांनी सुप्रीम कोर्टानं दाखला नाकारणारा आदेश रद्द केला. त्याच निकालानं तो नवा नियम जुन्या शिक्षांनाही लागू झाला. निकालात कोर्टानं हेही बजावलं, की खाली परत गेल्यावर वेगळ्या कारणानं वेल्च हरूही शकेल, तो प्रश्न आज आमच्यापुढे नाही. दाखला म्हणजे आत जाण्याची चिठ्ठी, त्याहून जास्त काही नाही.

आता काकूंच्या दुसऱ्या ओळीकडे. डिस्ट्रिक्ट कोर्टानं मोशन फेटाळताना त्याच वेळी दाखल्याचाही निर्णय दिला पाहिजे, असा नियम २००९पासून आहे. म्हणून ती ओळ तिथे असते. जे न्यायाधीश आत्ताच म्हणाले की तुझ्या म्हणण्यात तथ्य नाही, तेच पुढच्या ओळीत म्हणायचे की पण यावर दुमत होऊ शकतं, असं क्वचित घडतं. पण ते ‘नाही’ शेवटचं नसतं. तोच दाखला सर्किट कोर्टाच्या न्यायाधीशांकडे मागता येतो. आणि वेगळा अर्ज करायचा राहून गेला, तरी वेळेत दाखल झालेली अपिलाची नोटीस हाच दाखल्यासाठीचा अर्ज समजला जातो. नियमातली ही एक दयाळू ओळ आहे. मात्र तिच्यावर विसंबून गप्प बसू नये. नोटिशीत कारणं नसतात, आणि कारणांशिवाय दाखला कोण देईल?

साठ दिवस, आणि ते कुठून मोजायचे

‘काकू, चौदा नाही, साठ दिवस आहेत,’ असं मी सांगितलं तेव्हा पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही.

२२५५चं मोशन फौजदारी खटल्यातून निघालेलं असलं तरी अपिलाच्या मुदतीसाठी ते दिवाणी धरलं जातं. दिवाणी प्रकरणात अमेरिकी सरकार पक्षकार असेल तर मुदत साठ दिवस. मोजायची ती आदेश कोर्टाच्या दप्तरात नोंदला गेला त्या तारखेपासून. पाकीट तुरुंगात पोचलं त्या दिवसापासून मोजायची नाही. भाच्याच्या आदेशाची नोंद ३ मार्चची. पहिला दिवस ४ मार्च धरून साठावा येतो २ मे. नोटीस द्यायची ती सर्किट कोर्टात नाही, त्याच डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या क्लर्ककडे, ज्यानं मोशन फेटाळलं. एका पानाचा कागद असतो: कोण अपील करतंय, कुठल्या आदेशाविरुद्ध, कुठल्या कोर्टात. बस.

आपल्याकडच्या सवयीनं इथे मोठा घात होतो. मुदत टळली तर विलंब माफीचा अर्ज करू, आजारपणाचं सर्टिफिकेट जोडू, कोर्ट समजून घेईल, अशी आपल्या मनाची ठेवण असते, कारण भारतात मुदतीच्या कायद्यातलं पाचवं कलम तशी वाट देतं. तिकडे वाट फार चिंचोळी आहे. साठ दिवस उलटल्यावर पुढच्या तीस दिवसांत सबळ कारण देऊन वाढ मागता येते. आणि आदेश लागल्याची सूचनाच एकवीस दिवसांत मिळाली नसेल, तर अपिलाचं दार चौदा दिवसांसाठी पुन्हा उघडून मागता येतं. पण ते मागायचं सूचना हातात पडल्यापासून चौदा दिवसांत किंवा आदेशापासून एकशे ऐंशी दिवसांत, जे आधी संपेल तेवढ्यात. त्यापलीकडे न्यायाधीशांच्याही हाती काही उरत नाही.

हे शब्दशः घ्या. ओहायोतला कीथ बोल्स नावाचा कैदी. त्याच्यासाठी न्यायाधीशांनी २००४ साली असं दार पुन्हा उघडलं आणि नोटीस देण्यासाठी २७ फेब्रुवारीची तारीख दिली. कायद्याचे चौदा दिवस २४ फेब्रुवारीला संपत होते, न्यायाधीशांनी चुकून सतरा दिले. बोल्स यानं २६ तारखेला नोटीस दिली. न्यायाधीशांनी दिलेल्या तारखेच्या एक दिवस आधी. २००७मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की अपील उशिरा आलं, ऐकता येणार नाही, कारण कायद्यानं दिलेली मुदत न्यायाधीश वाढवू शकत नाहीत. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला त्या दिवसापासून कोर्टानं दिलेली तारीखही मी स्वतः कॅलेंडरवर मोजून बघते.

आणखी एक सापळा भाच्याच्याच बाबतीत समोर आला. तुरुंगातल्या कुणीतरी त्याला सल्ला दिला होता की आधी त्याच न्यायाधीशांना दाखल्याचा फेरविचार करायला सांग, ते नाही म्हणाले की मग अपील कर. असा फेरविचार मागितल्यानं साठ दिवस थांबत नाहीत. नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. मोशन फेटाळण्याच्या मूळ निर्णयाचाच फेरविचार अठ्ठावीस दिवसांच्या आत मागितला, तर मात्र अपिलाची मुदत त्या अर्जाच्या निकालानंतर नव्यानं सुरू होते. दोन अर्ज दिसायला सारखे, परिणाम अगदी उलटे. फोन पंधरा मिनिटांत कापला जातो; त्या पंधरा मिनिटांत त्याच्या बायकोनं त्याला हे तीनदा सांगितलं.

पाकीट

तुरुंगातला माणूस उठून कोर्टाच्या क्लर्ककडे जाऊ शकत नाही. त्याचा कागद कर्मचाऱ्याच्या हातात जातो आणि पुढे किती दिवस कुठे पडून राहील हे त्याला कळत नाही. टेनेसीतल्या प्रेंटिस ह्यूस्टन या कैद्यानं तीस दिवसांच्या मुदतीत सत्ताविसाव्या दिवशी नोटीस तुरुंगाच्या अधिकाऱ्यांकडे दिली. कोर्टाचा शिक्का पडला एकतिसाव्या दिवशी. १९८८मध्ये सुप्रीम कोर्टानं, इथेही पाच विरुद्ध चार मतांनी, सांगितलं की कैद्यानं कागद तुरुंगाच्या हवाली केला तो क्षण दाखल होण्याचा धरा. पुढे हे अपिलाच्या नियमांतच लिहिलं गेलं.

पण हा फायदा आपोआप मिळत नाही, त्याचा पुरावा ठेवावा लागतो. तुरुंगात कायदेशीर टपालाची वेगळी व्यवस्था असेल तर तीच वापरायची. फेडरल तुरुंगात कोर्टाला जाणारं पाकीट ‘स्पेशल मेल’ म्हणून दिलं की कर्मचारी त्याच्यावर तारखेचा शिक्का मारतात. आणि पाकिटात नोटिशीबरोबर एक छोटं निवेदन ठेवायचं: हे पाकीट मी अमुक तारखेला तुरुंगाच्या कायदेशीर टपालात दिलं, फर्स्ट क्लासचं पोस्टेज भरलेलं आहे, आणि हे खरं असल्याचं मी खोटं बोलल्यास शिक्षेला पात्र होईन या जाणिवेनं सांगतो. खाली तारीख, सही. नोटरी लागत नाही. पोस्टेजचा उल्लेख लोक विसरतात. मी आमच्या ऑफिसात हे निवेदन मोठ्या टायपात छापून ठेवलंय आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्याची प्रत देते.

कारणं कशी मांडायची

मुदत सांभाळली की खरं काम सुरू होतं, आणि बहुतेक अर्ज इथे वाया जातात. माणूस आत बसून सगळं लिहून काढतो: पोलीस खोटं बोलले, न्यायाधीश पक्षपाती, वकिलानं चौदा चुका केल्या, मुलं लहान आहेत, आई आजारी आहे. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असू शकतं. पण दाखला मुद्द्यागणिक मिळतो. कुठल्या मुद्द्यावर अपील ऐकायचं ते दाखल्यात लिहावंच लागतं. म्हणून चौदा मुद्द्यांपेक्षा दोन घ्यावेत, आणि प्रत्येकाखाली एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं: यावर दुमत कसं होऊ शकतं?

त्याचे मार्ग ठरलेले आहेत. दुसऱ्या एखाद्या सर्किट कोर्टानं याच प्रश्नावर उलट उत्तर दिलं असेल, तर याहून चांगलं काही नाही; दुमत आहे हे तिथे कागदावरच दिसतं. मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांनी (डिस्ट्रिक्ट न्यायाधीशांच्या हाताखालचे) कैद्याच्या बाजूनं शिफारस केली असेल आणि डिस्ट्रिक्ट न्यायाधीशांनी ती नाकारली असेल, तर तेही तसंच. ली याच्या खटल्यात तसं झालं होतं. आणि कैद्यानं शपथेवर एक सांगितलं, वकिलाचं शपथपत्र दुसरं सांगतं, आणि कोर्टानं साक्ष न घेताच वकिलावर विश्वास ठेवला, असं असेल तर सुनावणी द्यायला हवी होती का हाच वादाचा मुद्दा होतो. भाच्याच्या निकालपत्रात नवव्या पानावर नेमकं हे होतं. तो म्हणतो मी विचारलं होतं, वकील म्हणतो त्यानं विचारलं नव्हतं. दोघांनाही साक्षीला न बोलावता वकिलाचं खरं धरलं होतं. काकूंनी तो फोटो पाठवला तेव्हा मी त्या पानावर बोट ठेवून किती वेळ बसले होते.

मोशन गुणदोषांवर नाही तर तांत्रिक कारणावर, मुदत संपली वगैरे म्हणून, फेटाळलं असेल तर दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात: तांत्रिक कारणही वादाचं आहे आणि आतला घटनात्मक मुद्दाही. एकच दाखवला तर उपयोग नाही. आणि मुद्दा घटनेपर्यंत पोचला पाहिजे. शिक्षा किती द्यावी हे ठरवण्याच्या तक्त्यात गुण चुकीचे मोजले, एवढ्यावर दाखला मिळत नाही. ती चूक डोळ्यांसमोर असताना वकील गप्प बसला, हे सहाव्या घटनादुरुस्तीनं दिलेल्या सक्षम वकिलाच्या हक्काचं प्रकरण होऊ शकतं. अर्थात ते खरं असेल तरच.

या टप्प्यावर सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क नाही. कोर्ट देऊ शकतं, बांधील नाही. अपिलाची फी सहाशे पाच डॉलर आहे, पण मूळ खटल्यात ऐपत नाही म्हणून कोर्टानं वकील दिला असेल तर सहसा ती माफ होते.

सर्किट कोर्टानंही दाखला नाकारला तर? तिथे पुनर्विचार मागता येतो, आणि नव्वद दिवसांत सुप्रीम कोर्टाकडे जाता येतं. दाखला नाकारणाऱ्या आदेशाविरुद्धही सुप्रीम कोर्टात दाद मागता येते, हे १९९८मध्ये ठरलं. वेल्च त्याच वाटेनं गेला. मात्र पहिलं मोशन कायमचं हरल्यावर दुसरं करायला जवळपास जागा नाही. निर्दोषत्व ठळकपणे दाखवणारा नवा पुरावा, किंवा सुप्रीम कोर्टानं जुन्या खटल्यांनाही लागू केलेला नवा घटनात्मक नियम, या दोनच कारणांनी, आणि तेही सर्किट कोर्टाच्या पूर्वपरवानगीनं. २०२३च्या जोन्स विरुद्ध हेंड्रिक्स निकालानं बाजूची एक पळवाटही बुजवली. जे कृत्य कायद्यानं गुन्हाच नव्हतं असं नंतर ठरलं, त्यासाठी आत असलेल्या माणसालाही, पहिलं मोशन वापरून झालं असेल तर, त्या वाटेनं जाता येत नाही. म्हणून पहिल्या मोशनवरच्या अपिलाला मी एवढी जपते.

त्या रात्री काकूंना हे सगळं सांगितलं नाही. सांगितल्या दोन गोष्टी: एक तारीख आणि पाकिटातलं ते निवेदन. त्यांनी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून मेचं पान उघडलं. ‘अगं, एक मेला तर सुट्टी आहे,’ म्हणाल्या. मी म्हटलं, ती महाराष्ट्र दिनाची आपली सुट्टी, तिकडे कोर्ट चालू असतं. त्यांनी २ मेच्या चौकोनाभोवती लाल गोल केला. मग पान मागे उलटून १० एप्रिलवर दुसरा गोल केला, आणि त्यात लिहिलं: ‘पाकीट दिलं का? फोन.’

भाच्यानं ते ७ एप्रिललाच दिलं. निवेदनाची प्रत बायकोला पोस्टानं आली, तिनं फोटो काढून पाठवला. तारीख, सही, आणि मधल्या ओळीत पोस्टेज भरल्याचं वाक्य, त्याच्या अक्षरात, दोनदा अधोरेखित.